वेगाची गाडी आणि अर्धा राम राम

मला ती गाडी हवी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगत होतो की मला तिची गरज आहे. मी मध्य प्रदेशात, बालाघाटला वकिली करायचो. घरापासून कोर्ट सायकलवर पाच मिनिटं. गरज कसली डोंबलाची!

ही मोटारगाडी उकव्याच्या खाणीवरच्या एका इंजिनिअरची होती. बदली झाली म्हणून तो विकत होता. हौसेपायी त्यानं तिच्यात मोठं इंजिन बसवलेलं, वजन नको म्हणून मागची सीट काढलेली, सायलेन्सर कापलेला. "वकील साहब, इसको धीरे चलना नहीं आता," तो अभिमानानं म्हणाला. हळू केली की बंद पडते आणि मग ढकलावी लागते, हेही त्यानं सांगितलं. ते मी कानाआड केलं.

"पुढे बाबा बसणार, मागे जागाच नाही, म्हणजे मी घरीच," बायको म्हणाली. शेवटी ठरलं की बाबांना एक चक्कर मारून आणायची आणि ते म्हणतील तसं करायचं.

बाबा शेतकरी. मोटारीबद्दल त्यांचं काहीच मत नव्हतं, राम रामबद्दल मात्र पक्कं होतं. रस्त्यात भेटेल त्याला राम राम घालायचाच. अपवाद एकच, लालबर्रा रस्त्याला गावाबाहेर राहणारा त्यांचा धाकटा चुलतभाऊ. बांधावरून भांडण होऊन अकरा वर्षं झाली होती. आता दोघांनाही बोलायचं होतं, पण पहिला राम राम घालायचा कोणी? जो घालेल तो वाकला. काका मोठ्या दुखण्यातून उठले तेव्हापासून बाबा त्यांची खबर रोज तिसऱ्याकडून काढायचे. मला त्या हट्टाचा राग यायचा आणि बाबांची कीवही यायची.

आम्ही निघालो. गाडीच्या आवाजानं सडकेवरच्या कोंबड्या पळाल्या. पहिल्याच ओळखीच्या माणसाला बाबांनी हात जोडले, तोवर तो मागे गेला आणि त्याच्यामागून येणारी म्हैस समोर आली.

"एक राम त्याले, दुसरा त्याच्या म्हशीले," बाबा करवादले. "हळू चालव ना गा."

"हळू चालत नाही ही."

"मंग काहून घेऊन राह्यला?"

मी गाडी आणखी दामटली. मी फार खुशीत होतो.

तेवढ्यात काकांचं घर आलं. आवाज ऐकून काका सडकेला येऊन उभे होते. त्यांनी बाबांना पाहिलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "राम राम, दादा!"

अकरा वर्षांनी आलेला तो राम राम, आणि आम्ही भुर्रकन पुढे!

"थांबव बे!" बाबा ओरडले. "त्याले वाटन, म्या तोंड फिरवलं!"

माझीही धांदल उडाली. पुढच्या राईस मिलच्या आवारात वळवून मी गाडी परत आणली. काका पाठ फिरवून घराकडे चालले होते. मी मुद्दाम हळू केली. गाडीनं इंजिनिअरचा शब्द पाळला, त्यांच्या दारासमोरच बंद पडली.

बाबा उतरले. आता राम राम घालतील म्हणून मी वाट पाहू लागलो. बाबा घसा खाकरून म्हणाले, "जरा धक्का मारतं का गा?"

काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "हौ."

दोघा म्हाताऱ्यांनी खांद्याला खांदा लावला. गाडी सुरू झाली, पण पुन्हा बंद पडेल म्हणून थांबवायची माझी हिंमत होईना. आरशात पाहिलं तर धुरात दोघं उभे, हातवारे करून बांधावरूनच भांडत होते. मी एकटाच घरी आलो.

दिवस मावळताना बाबा काकांच्या बैलगाडीतून आले, काकांना घेऊनच. मी तोवर मन घट्ट केलं होतं.

"नाही घेत गाडी," मी म्हणालो. "सारखी बंद पडते."

"घे," बाबा म्हणाले. "बंद पडली नसती तं म्या याच्याशी काय बोललो असतो?"