हौदाचं बूच

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा बुडवूनच होतो. कपाळावर चार थेंब शिंपडून भागत नाही. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली सिमेंटचा हौद लागतो, छातीएवढा खोल. पाळकसाहेब आत उतरतात, माणसाला पाठीवर आडवं करून पाण्याखाली नेतात आणि लगेच वर काढतात. झालं. पण सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. इथं तो हौद भरायचा म्हणजे घरात लग्नकार्य काढल्यासारखं आहे. आणि ते कार्य गेली कित्येक वर्षं महिला मंडळाच्या, म्हणजे माझ्याच गळ्यात. मी कुणाला करू देत नाही हेही खरं. लोक हौद घासतात ते मला पटत नाही.

या वेळचा बाप्तिस्मा आमच्या ह्यांचा होता.

हसू नका. लग्नाला एकतीस वर्षं झाली, दर रविवारी माझ्याशेजारी बसून गीतं म्हणणारा माणूस, पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की ह्यांना वाद सुचायचा. "आधी मन भिजू दे, मग अंग." "बायबलात नदी आहे, हौद कुठं आहे?" चार पाळक आले नि गेले, कुणाची डाळ शिजली नाही. आणि बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजन नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी द्राक्षरसाच्या चिमुकल्या पेल्यांचं ताट ओळीतून फिरतं. मी पेला उचलायची, ताट ह्यांच्या हातात द्यायची, आणि हे ते न बघता पुढच्याकडे सरकवायचे. एकतीस वर्षं ते ताट माझ्या नवऱ्याला ओलांडून जात होतं. त्याचा राग मी दर वेळी घरी जाऊन भांड्यांवर काढायची.

मग एका सोमवारी नवे, तरुण पाळकसाहेब घरी आले. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली. हे मन लावून जेवत होते. पाळकसाहेबांनी सरळ विचारलं, "काका, या रविवारी येता का पाण्यात?" आणि हे घास चावता चावता म्हणाले, "बरं."

मी भाकरीच्या टोपल्यासकट मटकन खाली बसले. तो आठवडाभर मी जमिनीवर नव्हतेच! ह्यांच्यासाठी पांढरा सदरा-लेंगा शिवून घेतला. शुक्रवारी चर्चला नळ आला, तसा मी हौद तीनदा घासून काठोकाठ भरला. शनिवारी संध्याकाळी हे म्हणाले, "जरा चक्कर मारून येतो." मी म्हटलं, जा, मन मोकळं करून या. बाई, मी किती भोळी!

रविवारी सकाळी चटया घालायला गेले. फळी उचलली आणि किंचाळले. हौद कोरडा. तळाला ओल तेवढी, आणि बूच कडेला व्यवस्थित ठेवलेलं. त्या हौदाचं पाणी जातं आवारातल्या झाडांना, आणि झाडं बघावीत तर पपई काय नि कडुलिंब काय, सगळी चिखलात न्हाऊन उभी.

माझा संताप कसा असतो ते आमच्या गल्लीला ठाऊक आहे. आवार झाडणारे, झाडांची देखभाल करणारे मामा समोर दिसले आणि मी सुटलेच. "मामा, झाडांची एवढी कणव होती तर माझ्या घरातली घागर न्यायची होती! माझ्या नवऱ्याचं पाणी पपईला पाजलंत?"

"न्हाय ओ बाई, मी हात बी लावला न्हाय."

"मग काय पपई उठून आली बूच काढायला?"

मामा झाडू भिंतीला टेकवून आवाराबाहेर गेले. मला वाटलं, गेले रुसून. आणि इकडं मला एकच धास्ती: आज झालं नाही तर हा माणूस पुन्हा 'बरं' म्हणायचा नाही. एकतीस वर्षांनी उघडलेलं तोंड कायमचं मिटेल.

मंडळीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला: "हौद रिकामा झाला आहे. प्रत्येक घराने येताना एक भांडं पाणी आणावे. कारण विचारू नये." तोवर मामा परत आले, दोन्ही हातांत बादल्या. मागं शेजारच्या आपा, डोक्यावर एक हंडा, कमरेवर दुसरा. त्या म्हणाल्या, "लेव, दो हंडे हैं. नल आया तो वापस देव." सोलापुरात माणूस एक वेळ दागिना उसना देईल, साठवणीचं पाणी देत नाही. मी आपांना मिठीच मारली, अर्धा हंडा माझ्या पदरावर सांडला.

आणि मग मंडळी यायला लागली. काय ती वरात! स्कूटरवर पायाशी कॅन, रिक्षात पिंप, कुणी प्रेशर कुकर भरून आणलेला, शिट्टीसकट. एका घरानं बाळाचा टब उचलून आणला, बाळ रडतंय. आमच्या निवृत्त शाळामास्तरीणबाई, वय ऐंशीच्या पुढं, हातात एवढासा तांब्या. चर्चच्या दारापासून हौदापर्यंत रांग लागली, हातोहात भांडी पुढं जाऊ लागली, कुणीतरी गाणं धरलं, पायाखाली चिखल, दोघं घसरून पडले आणि पडल्यापडल्याच हसत सुटले. मीही हसत होते, पदर पिळत होते आणि मधूनच मामांकडं रागानं बघत होते.

ह्यांनाही मी सोडलं नाही. "तुमचाच बाप्तिस्मा ना? मग उचला बादली!" हे दोन बादल्या घेऊन आले, पण चाल अशी की गोगलगाय बरी. निम्मं पाणी वाटेतच.

एवढं करूनही पाणी गुडघ्याच्या जरा वर आलं. पाळकसाहेब घामाघूम. "काका सहा फूट आहेत. एवढ्यात बुडवायचे कसे?"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "बसवा की त्याला. बसलेला माणूस कुठंही बुडतो."

पाण्यात उतरण्याआधी आमच्यात साक्ष द्यायची असते. आपण इथवर कसे आलो ते सगळ्यांसमोर सांगायचं. हे पांढऱ्या सदऱ्यात हौदाच्या काठावर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बूच मी काढलं."

सगळं चर्च हौदाकडं सरकलं.

"काल आलो, पाणी बघितलं आणि सरळ बूच ओढलं. मंगळवेढ्याकडं लहानपणी चुलत्यानं पोहायला शिकवतो म्हणून विहिरीत टाकलं होतं. खाली गेलो तो वर येईना. तेव्हापासून डोकं पाण्याखाली गेलं की... मन, नदी, हौद, सगळ्या थापा होत्या. मी भितो. आज तुम्ही माझ्यासारख्या भित्र्यासाठी घरचं पाणी घेऊन आलात, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं."

मला रडू फुटलं आणि त्यातच हसू. एकतीस वर्षं मी ह्या माणसाला हट्टी समजत होते. कळणार तरी कसं? आमच्या घरात डोकं बुडेल एवढं पाणी एका जागी कधी साठलंच नाही!

मागं मामा दाराशी उभे होते. मी तिथूनच हात जोडले. "मामा, चुकलं हो माझं."

"ऱ्हाऊ द्या की बाई," मामा म्हणाले, "पपईला तर पानी मिळालं."

सगळं चर्च खदखदून हसलं. हेही हसले, आणि हसता हसताच पाळकसाहेबांचा दंड गच्च धरून पाण्यात बसले. पाळकसाहेबांनी एक हात पाठीला लावला, ह्यांनी डोळे मिटले, आणि गेले. वर आले तेव्हा तोंड उघडं, डोळे मोठ्ठे. श्वास घेतला, इकडं तिकडं बघितलं.

"परत एकदा," हे म्हणाले.

पाळकसाहेब गोंधळले. "काका, बाप्तिस्मा एकदाच असतो."

"मग बाप्तिस्मा नको. नुसतं बुडवा."

त्या रविवारी प्रभुभोजनही होतं. हे कोरडे कपडे घालून माझ्याशेजारी येऊन बसले, केसांतून पाणी मानेवर गळत होतं. ताट आलं. मी पेला उचलला आणि ताट ह्यांच्याकडं दिलं. आणि ह्या माणसानं एकतीस वर्षांच्या सवयीनं, न बघता, ते पुढं सरकवलं.

सगळे डोळे मिटून, माना खाली घालून बसलेले. माझ्यानं राहवेना. मी ओरडलेच, "अहो, आता तरी घ्या की!"

हे दचकले. ताट मागं ओढलं, आणि एक पेला उचलला.