लाल दोरा वर

नाना गेल्याची बातमी तारेने आली नाही, चालत आली. दुपारी कचेरीत मान खाली घालून नकला तपासत होतो, तर मेजासमोर नानांच्या गावचे रखमाजीबुवा उभे. सत्तरी उलटलेला माणूस बेलापूरहून गाडीने नगरला उतरून स्टेशनापासून उन्हातून पायी आला होता. टांगा का केला नाहीत, असं विचारणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मास्तर गेलं, दादा. आज पहाटं. बाईंनी मलाच धाडलं." मी त्यांच्या तोंडाकडे न बघता पायांकडेच बघत राहिलो... त्या पायांची हकीकत सांगितली की नानांची सांगून होते, म्हणून पाच आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे.

नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर माणसं पोथी वाचतात, नाहीतर सोंगट्या खेळतात. नानांनी लोकल बोर्डाची पत्रकं वाचायला घेतली. पटकी, हिवताप, नारू अशा एकेका रोगावरची ही फुकट पत्रकं चावडीत गठ्ठ्याने पडून असत आणि तंबाखूच्या पुड्या बांधायला कामी येत. दर बाजाराच्या दिवशी नाना शाळेच्या ओट्यावर बसून ती मोठ्याने वाचत, आणि तीही फक्त म्हाताऱ्यांसाठी. तरणे लोक गंमत बघायला आले की त्यांना हुसकून लावत. मी मेहुणा, थट्टा करणं माझा हक्कच. म्हणालो, "नाना, फुकटचा सल्ला कोण घेतो?" ते म्हणाले, "तरण्याला दुखलं की घरदार धावतं, बापू. म्हाताऱ्याला दुखलं की म्हणतात, वय झालं. वय हा काही रोग नव्हे. यांना कुणी काही सांगतच नाही, म्हणून मी सांगतो."

गावाबाहेरच्या वस्तीवर नारूचा मोठा जाच होता. वस्ती बारवेचं पाणी पिई. पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागरी भरायच्या. त्या पाण्यातल्या बारीक जीवांवाटे नारू पोटात जातो आणि वर्षभराने पायातून सुतासारखा बाहेर येतो. तो काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा ओढत, महिना महिना खाटेवर पडून राहायचं. रखमाजीबुवा तीन वर्षं ओळीने असे पडले होते. चौथ्या वर्षी पडलो तर सून भाकर देईल पण तोंड फिरवून देईल, असं ते नानांना एकदा म्हणाले होते. नानांनी ते मनाला फार लावून घेतलं. शाळेतलं भिंग नेऊन त्यांनी सगळ्या म्हाताऱ्यांना पेल्यातले जीव वळवळताना दाखवले. पायऱ्या उतरू नका, पोहऱ्याने पाणी ओढा आणि दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय पिऊ नका, एवढंच सांगितलं. लढाईचे दिवस, कापड कंट्रोलचं. फडकी आणायची कुठून? मी दिवाळीला दिलेलं कोरं धोतर नानांनी कापून वाटलं. अक्का महिनाभर माझ्याकडे त्यांची कागाळी करत होती, आणि मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू?

वर्ष गेलं आणि रखमाजीबुवांच्या घोट्यावर पुन्हा फोड उठला. वस्तीवर आणखी चार जणांना तेच. लोक हसायला लागले. "मास्तरांचं धोतर गेलं अन् नारू ऱ्हायला," असं बाजारात ऐकू येई. नेमका मी तेव्हा बेलापूरला होतो. म्हटलं, "नाना, सोडा आता. गाढवापुढे वाचली गीता." ते माझ्यावर चिडले नाहीत. काठी घेतली आणि वस्तीवर निघाले, मागोमाग मी. रखमाजीबुवांच्या दारात जाऊन बसले आणि त्यांच्या बायकोला, काशीबाईंना, एवढंच म्हणाले, "तुमी पाणी कसं गाळता ते मला दाखवा. मी बोलत न्हाई, नुसता बघतो."

काशीबाईंनी माठावर फडकं धरलं, घागर ओतली. मग फडकं उचललं, उलटं केलं आणि दुसरी घागर ओतली.

"उलटं का केलं?" नानांनी विचारलं.

"एकाच अंगानं कापड इरतं, मास्तर. एका घागरीला हे अंग, दुसरीला ते. तुमी येवढं धोतर फाडून दिलं, जपायला नगं व्हय?"

पहिल्या घागरीतले वर अडकलेले सगळे जीव दुसऱ्या घागरीबरोबर माठात. काटकसर आणि उपकाराची जाण, दोन्हींनी मिळून घात केला होता. पुढच्या बाजारी नाना ओट्यावर उभे राहिले आणि ज्यांच्या पायाला काड्या बांधल्या होत्या त्यांच्यापुढे हात जोडून म्हणाले, "चूक तुमची न्हाई. फडकं कुठल्या अंगानं धरायचं, ते मीच सांगितलं न्हाई. तुमचं वर्ष माझ्यामुळं गेलं." बेचाळीस वर्षं पोरांच्या चुका काढलेला माणूस म्हाताऱ्यांपुढे स्वतःची चूक काढत होता. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. बोलून मात्र दाखवला नाही, ते राहिलंच...

त्या आठवड्यात नानांनी आणि अक्काने बसून प्रत्येक फडक्याच्या एका अंगाला काठाशी लाल दोरा शिवला. म्हाताऱ्या डोळ्यांना रंग दिसला नाही तरी बोटाला लागावी म्हणून त्याला जाड गाठ मारली. शिकवणही चार शब्दांवर आणली : लाल दोरा कायम वर. मग पुन्हा एक वर्ष थांबायचं होतं. ते वर्ष नानांनी कसं काढलं ते अक्कालाच ठाऊक. रखमाजीबुवा रस्त्यात दिसले की हे आधी त्यांच्या घोट्याकडे बघत, मग रामराम घालत. हंगाम आला आणि गेला. फोड उठला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. कुणी नानांना हार घातला नाही, आणि ज्यांनी हसून घेतलं होतं त्यांनी मुकाट्याने घरी दोरे शिवून घेतले.

तेराव्याला बेलापूरला अक्काच्या घरी होतो. माणसं जेवायला बसली होती आणि मी घाईघाईने माठ भरायला घेतला. फडकं टाकलं, घागर उचलली, तोच काशीबाई जवळ आल्या. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी फडक्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि माझा हात धरला.

"दोरा खाली गेलाय, दादा."

मी घागर खाली ठेवली, फडकं उलटवलं. गाठ माझ्या बोटाला लागली. कापड ओळखीचं वाटलं म्हणून पाहिलं, तर मीच दिवाळीला दिलेल्या धोतराचा तो तुकडा होता.