तळहातावरचा मणी

सर गेल्याचं त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी सरावली गावात पेंढ्याच्या गाडीवाल्याशी भावावरून भांडत होतो. फोन ठेवला आणि तो म्हणेल तो भाव कबूल केला... असं माझ्या हातून कधी होत नाही.

देवजीसर तलासरीला शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये भाताच्या पेंढ्यापासून मणी करायला लागले. मी पेंढ्याचा व्यापारी; पेंढा माझा, म्हणून ओळख. पेंढा कॉस्टिक सोड्यात शिजवायचा, त्याचा पांढरा लगदा विरघळवायचा आणि सुईतून थेंब थेंब आम्लात सोडायचा. थेंबाचा मऊ मणी होतो. तो आतून सच्छिद्र आणि हलका राहिला तर औषध धरून ठेवायला कामाला येतो, असं सर सांगत. पण सर ते पापडासारखे उन्हात वाळवायचे आणि मणी आकसून मोहरीएवढे, टणक व्हायचे. वर्षभर हेच. मी सातवी पास. एकदा म्हणालो, "सर, बर्फात गोठलेली मासळी नंतर भुसभुशीत होते. तुमचे मणी का होणार नाहीत?" डहाणूच्या बर्फ कारखान्याच्या मालकाशी घासाघीस करून मण्यांचे ट्रे मीच मासळीच्या पेट्यांशेजारी ठेवले. गोठलेल्या मण्यांतला बर्फ सरांनी स्पिरिटमध्ये बुडवून काढला, मग ते सुकवले. मणी फुगलेलेच राहिले. मासळीचा वास मात्र आठवडाभर गेला नाही. "शेठ, औषधावर बोंबील फुकट," सर म्हणाले.

माझा आवाज चढला की ते माझ्या तळहातावर एक मणी ठेवत. "हा न उडवता बोला."

मग मणी बघायला वापीच्या एका कंपनीचे लोक आले. मी दारातच उभा होतो. "गोठवायचं कसं सुचलं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता सर म्हणाले, "सुचलं एकदा." ते लोक गेल्यावर मी शेड डोक्यावर घेतली. सरांनी सवयीनं मणी पुढे केला. मी हात मागे घेतला. "पेंढेवाल्याची युक्ती म्हटलं असतं तर हसले असते ते, शेठ." हे जास्त लागलं. त्यानंतर तलासरीला गेलो तो थेट शोकसभेलाच. तिथे जो तो सरांच्या बर्फाच्या युक्तीबद्दल बोलला. मी सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत बसलो.

निघताना वहिनी म्हणाल्या, "शेड रिकामी करायचीय भाऊ, काहीतरी न्या." मी मण्यांची बरणी उचलली. ती आता दुकानात असते. शटर ओढण्याआधी एक मणी तळहातावर घेतो. सरांना एकच विचारायचं आहे, आणि शांतपणे विचारायचं आहे. "सर, माझं नाव..." एवढं म्हणेपर्यंत मणी उडालेला असतो.