आज काही बिघडलं नाही

साल दोन हजार एकवीस. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि भाऊसाहेब माझ्याहून थोडे लहान. सकाळी ते माझ्या गिरणीच्या दारात उभे राहायचे, एक हात वर करायचे आणि पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायचे, "गिरणीवाले, सापडली."

सापडली म्हणजे चूक. कॉम्प्युटरमधली.

भोरच्या कचेरीत कारकुनी करून ते रिटायर झालेले. अशा माणसाला सगळे भाऊसाहेबच म्हणतात, तसा मीही म्हणायचो. घर गिरणीच्या समोरच. मुलगा परदेशात, कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ती सिस्टीम बनवणाऱ्या एका कंपनीत. आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये वहिनी गेल्या. विमानं बंद, मुलाला येता आलं नाही. भाऊसाहेब फोनवर म्हणाले, "आईच्या वेळी आला नाहीस, आता माझ्या वेळीही येऊ नकोस." त्यानंतर बोलणं बंद झालं ते दोन्हीकडून.

मी म्हणायचो, "विमानंच न्हवती तर पोरानं काय उडत यावं? करा की फोन."

"शब्द गेलाय तोंडातून."

यावर मी पुढचं दळण लावायचो. मी तिसरी शिकलेला, पण बोललेलं मागं घेणारा मीही नाही.

त्या वर्षी मुलाच्या कंपनीची नवी सिस्टीम यायची होती. बाजारात येण्याआधी ती वापरून बघायला मिळते, नाव नोंदवलं की झालं, हे मुलानंच कधीतरी सांगितलेलं. भाऊसाहेबांनी नाव नोंदवलं. मला समजावायला लागले तेव्हा मी म्हणालो, "कळलं. आमच्या गावाकडं हिर्डोशीला भाताचं नवं वाण आलं की आदी एका वाफ्यात टाकून बगत्यात. जळलं तर तेवढंच जळतं."

"तेच. आणि जळलं की कंपनीला कळवायचं. तिथं लिहायला एक चौकट आहे."

ती चौकट हेच त्यांचं सगळं होतं. चूक सापडली की मला गिरणीतून ओढून न्यायचे, खुर्चीत बसायचे आणि कचेरीत शेरा मारावा तसं लिहायचे. मराठीत.

"इंग्लिश न्हाई व्हय येत तुमाला?" मी एकदा विचारलं.

"येतं की. पण इंग्लिश तिथं कोणीही वाचेल. मराठी वाचणारा तिथं एकच आहे. फिरवतील, फिरवतील, शेवटी त्याच्याच टेबलावर ठेवतील. कागद फिरतो, गिरणीवाले, पण टेबलावर पोचतो."

उभा जन्म त्यांनी कागद फिरताना पाहिलेले. मला खरंच वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

लिहून झालं की म्हणायचे, "बटण तुम्ही दाबा. तुमच्या हाताला गुण आहे. आधी पीठ पुसा." मी धोतराला बोट पुसून खालचं निळं बटण दाबायचो.

नवी वस्तू नीट चालली की माणसाला बरं वाटतं. ह्यांचं उलटं. पडदा मधेच काळा झाला, प्रिंटर रुसला, की चेहरा खुलायचा. आणि एखाद्या दिवशी पाय ओढत यायचे, गव्हाच्या पोत्यावर बसायचे आणि म्हणायचे, "आज काही बिघडलं नाही." त्या दिवशी चहासुद्धा अर्धा ठेवायचे.

एकदा कोपऱ्यातलं घड्याळ पुढं पळत होतं. ते कळवलं, आणि कंपनीनं सिस्टीमची सुधारलेली खेप पाठवली तेव्हा घड्याळ बरोबर झालं. भाऊसाहेब पेढे घेऊन आले. "वाचलं त्यानं."

"कशावरून?"

"दुसऱ्या कोणाला मराठी येतंय तिथं?"

मी दोन पेढे खाल्ले.

मग कळलं, ती सिस्टीम आता सगळ्यांसाठी निघणार. भाऊसाहेब पोत्यावर बसून म्हणाले, "एकदा निघाली की आपल्याला कोण विचारतंय. आज तक्रार नसलेला कागद लिहितो."

"तक्रार न्हाई तर ल्हिता काय?"

त्यांनी लिहून मला दाखवलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. 'सर्व ठीक चालू आहे. ये.'

बटण मीच दाबलं.

त्यानंतर गिरणीत यायचे ते मोबाईल हातात धरून. बोलायचे कमी. गिऱ्हाइकाचा फोन वाजला तरी आपलाच बघायचे. आणि एक दिवस आलेच नाहीत. मी दार वाजवलं, मग ढकललं. पलंगावर होते, कुशीवर. मोबाईल उशाशी.

मुलगा दहाव्याला पोचला. सगळं आटोपल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी विचारलं, "भाऊसाहेबांचे कागद मिळत हुते न्हवं तुला?"

"कुठले कागद, काका?"

मी सांगितलं. सगळं, घड्याळापासून. तो वडिलांच्या खुर्चीत बसला.

"काका, ती कंपनी मी आई जायच्या आधीच सोडली. समोर बसून सांगणार होतो. मग बोलणंच राहिलं नाही."

"मंग वाचत कोण हुतं?"

"कोणी नसेल. असे हजारो येतात. मशीनच गोळा करतं."

"आन् घड्याळ?"

"आणखी कोणीतरी कळवलं असेल."

त्यानं कॉम्प्युटर लावला. ती चौकट त्याला सापडेना, कंपनीत काम केलेला माणूस. मी बोटानं दाखवली. तो नुसता बघत राहिला, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कोटाला पीठ लागलं.

त्याच संध्याकाळी तो निघाला. म्हणाला, "काका, कॉम्प्युटर तुम्ही न्या."

"मला काय करायचाय," मी म्हणालो. किल्ली तेवढी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडायच्या आधी मी समोरचं कुलूप काढलं. कॉम्प्युटर लावला, चौकट उघडली. एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत लिहिलं, 'पोरगा आला होता.' बोट धोतराला पुसलं. पीठ नव्हतं, तरी पुसलं. आणि बटण दाबलं.