झोळीतला अडकित्ता

मंगलाबाईचं दूध बाळाला पुरत नाही, असं मी तिच्याच अंगणात, शेजारणी ऐकत असताना जाहीर केलं. ते खरं नव्हतं. चूक पूर्णपणे माझी होती.

मी चिचगडकडे आरोग्यसेवक आहे. काट्याला झोळी टांगून मी बाळांची वजनं घेतो. वजन कपडे काढूनच घ्यायचं, हा नियम. ट्रेनिंगमध्ये तो मीच शिकवतो.

जूनमध्ये तिचं बाळ गोधडीत गाढ झोपलं होतं. उठवायचं जिवावर आलं. गोधडीसकट टांगलं आणि गोधडीचं वजन अंदाजानं वजा केलं. आकडा झकास आला.

जुलैत नियमानं कपडे काढले, तर वजन वाढलेलंच नाही. रोवणी, म्हणजे भातलावणी, चालू होती. बाई दिवसभर भाताच्या बांधीत, बाळ सासूजवळ. मी निष्कर्ष काढून मोकळा झालो.

"दूध कमी पडतंय. रोवणी बंद. घरी बसा."

"साहेब, रोवणीच्या टोळीतली जागा गेली त पुना नाही भेटत. आत्याबाई दुपारी पोराले बांधावर आणतेत, मी पाजतो ना."

"जागा मोठी की पोरगा?" मी आवाज चढवला.

दारात सासू सोनाबाई सुपारी कातरत होती. कट, कट.

आठवड्यानं पुन्हा गेलो. मंगलाबाई घरीच होती. बाळाला झोळीत ठेवलं, तोच सोनाबाईनं कमरेचा लोखंडी अडकित्ता काढून त्याच्या पाठीखाली सरकवला.

"हे काय?"

"लोखंड. उघडं पोर टांगून राहिले तुमी. नजर नाही लागन का?"

"मागच्या वेळी ठेवला होता?"

"मांगं त माया हातात होता. सुपारी कातरून राहिलो होतो, तुमच्यासमोरच. त्याच्या आंधी गोधडीत होता."

मी अडकित्ता वेगळा तोलला. जूनच्या वजनातून वजा केला. बाळ उत्तम वाढत होतं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. "मॅडम, त्या बाळाच्या वजनाचं कारण सापडलं. अडकित्ता."

"गिळला?"

"नाही मॅडम. मी तोलला."

मग त्या म्हणाल्या, "आधी त्या बाईला काय ते नीट सांगा."

काट्यावर फक्त बाळच आहे याची खात्री होईपर्यंत आईला काही बोलू नये, एवढं मी शिकलो. पण टोळीतली तिची जागा दुसरीला गेली होती. मी मंगलाबाईला काय ते सांगितलं, तिला घेऊन बांधीवर गेलो आणि टोळीची मुखिया यशोदाबाई हिला, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, सगळं सांगितलं.

यशोदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्या दिवशी त पुऱ्या मोहल्ल्यात ऐकू गेलं. आता काऊन पुटपुटून राहिले, साहेब? मोठ्यानं बोला, मंग हिची जागा हिले."

चिखलात वाकलेल्या सगळ्या बाया हातात रोपं घेऊन सरळ झाल्या.

मी घसा साफ केला आणि ओरडूनच म्हणालो, "मंगलाबाईचं दूध बाळाला पुरतं. वजन मी चुकीचं घेतलं. माफ करा, बाई."