विलायती बाटलीची पारख

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा रंगवून सांगतो! मग हीच का गिळून बसलो? ऐका तर.

जळगाव जामोदला आमचं अत्तराचं दुकान. बहिणीच्या लग्नात मी पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावत मांडवात फिरत होतो. वडिलांनी खास या दिवसासाठी जपलेलं खसाचं अत्तर. पाटलाच्या दादारावनं मनगट हुंगलं, हात लांब धरला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "काऊन बे, हे अत्तर हाय का पोळ्याले बैलाच्या शिंगाले लावाचं तेल?" मांडव हसला. नवरदेव हसला. वडीलही हसले — आणि कुपी खिशात घालून आत निघून गेले. हे मी विसरणार होतो?

पुढं दादाराव नागपूरला शिकून परतला, तो विलायती सुगंधी पाण्याची बाटली घेऊन. वडनेर भोलजीला मुलगी पाहायला जायचं होतं. "सांग बे, कसं हाय?" — पारख माझ्याकडेच!

बूच काढलं आणि, खोटं कशाला बोलू, जीव हरखला. आधी संत्र्याची साल चिमटल्यावर उडतो तसा तुषार, मागून लिंबाच्या पानाचा कडवटपणा, तळाशी संत्र्याच्या फुलांची मंद गोडी. पुरुषाच्या अंगाला शोभेल असा इतका स्वच्छ वास मी कधी हुंगला नव्हता. पण आमचं अत्तर तेलातलं, हे स्पिरिटातलं. अंगावर ओतलं की आधी स्पिरिटच भपकतं, मग उडून जातं. आणि आमच्याकडे मोहाची दारू गाळणारे तिच्यात संत्र्याची साल टाकतात. माझ्या मनात — कसं सांगू? — टाळ्या वाजल्या.

"फस्कलास," मी म्हणालो. "पण थेंबानं नाही भागत, दादाराव. दारात उतरता उतरता उपरण्यावर ओता. चांगलं भिजू द्या."

त्यानं ऐकलं. मला सोबतही नेलं. मुलीच्या वडिलांचा सख्खा भाऊ दारूनं गेलेला. दारूचं नाव निघालं तरी ते चूळ भरत. हे मला ठाऊक होतं? होतं. त्यांनी दादारावला उराशी धरलं आणि तसेच मागं सरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं नाक पारखी. खरं सांगा, यानं घेतली हाय काय हो?"

मी काय केलं? मान खाली घातली आणि एक उसासा सोडला — फार सुंदर उसासा.

मुलगी बाहेर आलीच नाही. 'दारुड्या' हे नाव मात्र गावोगाव पोचलं. पुढं दादारावला कुणीच मुलगी दिली नाही.

त्या दिवशी परतताना गाडीत तो उपरण्यानं डोळे पुसत होता. या मुलीला त्यानं जत्रेत पाहिलं होतं, तिच्यापायी बाकीची स्थळं नाकारली होती. "माह्यं काय चुकलं बे?" मी वाकून हुंगलं. स्पिरिट पार उडालं होतं. उरली होती नुसती फुलांची गोडी. तेच उपरणं परत नेऊन त्या गृहस्थाच्या नाकाशी धरलं असतं, तर सगळं तिथंच मिटलं असतं. वडनेरची झाडं अजून मागं दिसत होती. दादारावचं रडणं ऐकून गाडीवानानं बैल आवरले.

"थांबू काय?"

"नाही बे," मी म्हणालो. "हाक."