हिऱ्याजवळ फोन नको

आमच्या सोलापुरातल्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या दाराशी बसणारा शिपाई कुणाचाही मोबाईल आत जाऊ देत नसे. आत हिऱ्याच्या चिमुकल्या तुकड्यावर लेझर सोडून आम्ही अगदी क्षीण मायक्रोवेव्ह लहरी टिपत होतो. फोन जवळ आला की मापन बिघडायचं.

त्या दिवशी पहिल्यांदाच सिग्नल दिसला, तेवढ्यात विभागप्रमुख फोनवर बोलतच आले. शिपाई आडवा आला.

"सर, फोन हितंच ठेवा की."

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"मला हाय. त्या हिऱ्याला न्हाय."

सर त्याला ढकलून आत घुसले. सिग्नल विस्कटला. "यानंच दार उघडं टाकलं, म्हणून सिग्नल गेला," सर ओरडले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी, नालायक, गप्प बसलो.

आता त्याला पार्किंगमध्ये उभं केलंय. तो माझ्याशी बोलत नाही. बरोबरच करतो.